सोनं बनतं कुठं? गलाईवाल्याला पोरीनं विचारलेला प्रश्न

मूसवाला (रात्री 10.40)

नमस्कार मंडळी. इथं वाचतो रोज, लिहायची ही पहिलीच वेळ. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी गलाईवाला. गाव खानापूर तालुक्यातलं, विट्याजवळ. ज्यांना गलाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सराफाकडं मोडीत आलेलं सोनं आमच्याकडं येतं, आम्ही ते गाळून चोख करून परत देतो. आमच्या भागात पावसाची बोंब, म्हणून आधीच्या पिढ्यांनी मूस उचलली आणि देशभर पांगली. कुठल्याही मोठ्या गावच्या सराफकट्ट्यामागच्या बोळात शिरा, नाकाला ॲसिड झोंबलं की समजायचं, आत आमच्याकडचा कुणीतरी बसलाय. मी दहावीनंतर चुलत्यांच्या मागं कोइमतूरला आलो. राजा स्ट्रीटच्या मागं दहा बाय बाराची खोली, त्याला सत्तावीस वर्षं झाली.

पोरगी नववीत आहे. गेल्या आठवड्यात डबा द्यायला दुकानात आली आणि तिथंच सुरू झाली. "पप्पा, सोनं हे मूलद्रव्य आहे. नंबर 79. मूलद्रव्य कुठल्याही केमिकलनं बनवता येत नाही, असं मिस म्हणाल्या. मग ते पहिल्यांदा बनलं कुठं?"

मी म्हटलं, जमिनीत.

"जमिनीत कुणी ठेवलं?"

आता आली का पंचाईत. रोज हातात अर्धा-एक किलो सोनं खेळतंय, आणि ते आलं कुठून हे मला सांगता येईना. "देवानं" म्हणणार होतो, पण पोरगी मान डोलावून गप्प बसणाऱ्यातली नाही.

मला काय येतं ते सांगतो, म्हणजे त्याच्या पुढचं तुम्हाला सांगता येईल. मोडीचं सोनं आलं की त्यात तिप्पट चांदी घालून वितळवतो. सोनं पाव हिश्शावर आणल्याशिवाय ॲसिड आत शिरत नाही. तो रस बारीक धारेनं पाण्यात ओतला की त्याचा रवा होतो. मग रवा नायट्रिकमध्ये उकळायचा. तांबूस धूर निघतो, चांदी आणि तांबं विरघळून पाण्यात जातं, तळाला सोनं राहतं. आणि नव्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण ते सोनं पिवळं नसतं. चहाच्या चोथ्यासारखं दिसतं, तपकिरी. आमच्याकडं नवा पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी तो हमखास विचारतो, "हे फेकायचं का?" धुवून, सुकवून, चिमूटभर सवागी (बोरॅक्स) टाकून ते परत मुशीत घातलं की मग रंग येतो. उरलेल्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदी खाली बसते. त्या निळ्या पाण्यात लोखंडाचं भंगार टाकलं की तांबंही सुटतं. एक धातू दुसऱ्याला हाकलतो. हे मला हातानं कळतं, कारण कळत नाही.

आमच्या सगळ्या हिशोबाला एकच खुंटी आहे. मुशीत सोनं वाढत नाही आणि मरतही नाही. शंभर ग्रॅमची 916 मोड आली तर 91.6 चोख निघालं पाहिजे. घट आली तर ती कुठंतरी सांडलेली असते, राखेत, केरात, मुशीच्या भिंतीला. म्हणून तर आमचा केरसुद्धा झारेकरी, म्हणजे केर धुवून सोनं काढणारे, पैसे मोजून नेतात.

मग जे वाढत नाही, मरत नाही, ते मुळात झालं कसं? आणि आणखी एक. दोन वर्षांपूर्वी एक बाबा आला होता, पाऱ्याचं सोनं करून दाखवतो म्हणून. दाखवलंही. मुशीत पारा, वर कसलीशी पुडी, लाकडी काठीनं ढवळलं आणि तळाला दीड ग्रॅम सोनं. माझं लक्ष काठीवर होतं. ती आतून पोकळ, आत रवा भरलेला, तोंड मेणानं बंद. मेण वितळलं की सोनं मुशीत. त्याला चहा पाजून रवाना केला. पण पाऱ्याचं सोनं खरंच होतच नाही का? पोरीला "नाही" म्हणून सांगू का?

पुणेरी पाटी (रात्री 10.52)

ताऱ्यांत बनतं. पाठ्यपुस्तकात आहे. धागा काढण्याआधी शोधत चला.

मूसवाला (रात्री 11.05)

दादा, ताऱ्यांत म्हणजे कसं? सूर्यपण ताराच आहे. त्यात आत्ता सोनं बनतंय का?

निवृत्त मास्तर, नारायणगाव (सकाळी 6.15)

मूसवाले, तुमच्या लेकीला माझ्याकडून एक पेढा. चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, "जमिनीत कुणी ठेवलं" असं एकाही पोरानं विचारलं नाही. आणि पाटीवाल्यांना तुम्ही केलेला उलटा प्रश्न अगदी बरोबर आहे. सूर्यात सोनं बनत नाही. सापडतं, पण ते त्याच्या जन्माच्या वेळी मिळालेलं वडिलोपार्जित.

आधी तुमच्या खुंटीबद्दल. अणूच्या गाभ्यात प्रोटॉन किती, यावर तो कोण हे ठरतं. 78 असले तर प्लॅटिनम, 79 सोनं, 80 पारा. तुमची भट्टी हजार-बाराशे अंशांवर चालते. तेवढ्या उष्णतेत अणूच्या बाहेरच्या अंगणातले इलेक्ट्रॉन इकडून तिकडे होतात. तांब्यानं चांदीला हाकललं ते याच अंगणातलं भांडण. चांदीच्या अणूला इलेक्ट्रॉन परत हवे असतात, तांबं ते देऊन टाकतं आणि स्वतः पाण्यात उतरतं. आतल्या गाभ्याला याची खबरही लागत नाही. गाभा हलवायचा तर कोटी अंशांची भट्टी पाहिजे. सूर्याच्या पोटात दीड कोटी अंश आहेत, आणि तिथंसुद्धा फक्त हायड्रोजनचा हेलियम होतो. पुढं जायची त्याची ऐपत आज नाही.

आता तुमचं बाकडंच समोर धरू. त्यावरची प्रत्येक वस्तू वेगळ्या घरातून आली आहे.

ज्या पाण्यात तुम्ही रवा पाडता, त्यातला हायड्रोजन सगळ्यात जुना. सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी, विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत झालेला. तेव्हा हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम एवढाच माल होता. मुशीतलं ग्राफाइट म्हणजे कार्बन. तो म्हाताऱ्या ताऱ्यांत होतो, हेलियमचे तीन गाभे जवळजवळ एकदम भिडले तर. हे जुळणं इतकं अवघड की खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी 1953 मध्ये सांगितलं, कार्बनच्या गाभ्यात ऊर्जेची एक विशिष्ट पायरी असलीच पाहिजे, नाहीतर आपण कुणी इथं नसतो. प्रयोग करून पाहिलं तर ती पायरी होती.

तुमचं लोखंडाचं भंगार थोरल्या ताऱ्यांतलं आहे. सूर्याच्या पंचवीसपट वजनाचा तारा घ्या. त्याला हायड्रोजन साधारण सत्तर लाख वर्षं पुरतो. कार्बन सहाशे वर्षं. शेवटी सिलिकन जाळायला लागतो, तो एक दिवस. एक दिवस! सत्तर लाख वर्षांचा संसार आणि शेवटचा माल एका दिवसात खलास. त्यातून लोखंडाच्या घरातले गाभे तयार होतात आणि गाडी अडते, कारण लोखंडापर्यंत गाभे जोडले की ऊर्जा मिळते, लोखंडापुढं जोडायचे तर पदरची घालावी लागते. आतबट्ट्याचा व्यवहार. चूल विझते, ताऱ्याचा गाभा सेकंदाच्या आत कोसळतो आणि बाहेरचं सगळं स्फोटात उधळतं.

मग 26 नंबरच्या लोखंडापुढचे 79 पर्यंत जायचे कसे? जोडून नाही. न्यूट्रॉन कोंबून. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे गाभा त्याला दारात अडवत नाही. आत गेलेल्या न्यूट्रॉनचा पुढं प्रोटॉन होतो आणि नंबर एकानं चढतो. हे संथपणे चालतं तेव्हा शिशासारखे धातू होतात, म्हाताऱ्या मध्यम ताऱ्यांत, हजारो वर्षं घेऊन. पण सोन्याचं काम संथपणे फारसं होत नाही. तिथं न्यूट्रॉनचा असा भडिमार लागतो की गाभ्याला श्वास घ्यायला उसंत मिळू नये. सगळा खेळ सेकंदा-दोन सेकंदांत. तुमच्या चांदीतलाही मोठा वाटा याच घाईच्या रस्त्यानं आलेला.

एवढे न्यूट्रॉन कुठं असतात? न्यूट्रॉन ताऱ्यात. स्फोटानंतर उरलेला हा गोळा. वजन सूर्याच्या जवळजवळ दीडपट, आणि रुंदी अशी की नारायणगावातून निघून जुन्नरच्या थोडं पुढं गेलात की संपला. असे दोन एकमेकांभोवती फिरत फिरत आदळले तर? 17 ऑगस्ट 2017 ला हेच पकडलं. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळा आणि इटलीतली व्हर्गो. गुरुत्वीय लहरींची, म्हणजे खुद्द अवकाशाला आलेली, थरथर शंभरेक सेकंद चालली, संपल्यावर 1.7 सेकंदांनी गॅमा किरणांची चमक आली. जागा 13 कोटी प्रकाशवर्षांवरची, एनजीसी 4993 नावाची दीर्घिका. जगभरच्या दुर्बिणी तिकडं वळल्या, त्यात आमच्या खोडदची पण होती. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, 45 मीटरच्या तीस तबकड्या. मी रोज सकाळी फिरायला जातो तेव्हा त्या दिसतात. गावात अजून काही जण त्याला "ते छत्र्यांचं" म्हणतात. त्या धडकेत पृथ्वीच्या वजनाच्या काही पट सोनं तयार झालं असावं, असा हिशोब निघाला.

सगळं सोनं धडकेतूनच आलं असंही नाही. प्रचंड चुंबकत्व असलेले न्यूट्रॉन तारे अधूनमधून भडकतात. डिसेंबर 2004 मधल्या तशा एका भडक्याची जुनी नोंद 2025 मध्ये पुन्हा तपासली, तर त्यातही हे जड धातू झाल्याच्या खुणा मिळाल्या.

आणि हो, सवागी राहिली. तिच्यातला बोरॉन कुठल्याच ताऱ्याच्या पोटात टिकत नाही. तारे उलट त्याला जाळून टाकतात. अवकाशात भरधाव फिरणारे कण कार्बन, ऑक्सिजनच्या गाभ्यांवर आपटतात, त्यांचे तुकडे पडतात, त्यातला एक तुकडा बोरॉन. म्हणजे तुमच्या चिमटीतली सवागी हा आकाशातला केर. झारेकऱ्याला सांगा.

मूसवाला (सकाळी 9.30)

मास्तर, दुकान उघडायच्या आधी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, कामावरची पोरं पण ऐकत होती. शिसं संथ आणि सोनं घाईचं, हे एकदम पटलं. आमच्याकडं उलटं असतं, सोन्याला घाई चालत नाही.

पण एक शंका. 13 कोटी प्रकाशवर्षं लांब. कसोटीचा दगड लावला नाही, टंच (शुद्धता) काढला नाही. मग तिथं कुठला धातू झाला हे कळलं कसं?

आणि दुसरी. आकाशात झालं, ठीक. जमिनीत कुणी ठेवलं? पोरीचा मूळ प्रश्न तोच आहे.

देवगडकर (सकाळी 11.10)

एक गजाल सांगतंय. तुम्ही भट्टीवर बसता, तर ज्वाळेच्या रंगावरून ओळखता ना काय जळतंय ते?

मूसवाला (सकाळी 11.14)

म्हणजे काय. तांबं जास्त असलं की ज्वाळेला हिरवी झाक येते. जस्त असलं की पांढरा धूर, वर कापसासारखी राख उडते. मीठ पडलं तर पिवळाधम्मक.

देवगडकर (सकाळी 11.40)

झालं तर मग. कसोटी तीच, फक्त ज्वाळा लांबची. तो उजेड काचेतून फोडला की प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या जागी रेघा दिसतात. मिठातल्या सोडियमची पिवळी जोडरेघ सगळ्यांना माहीत होती. सूर्यात तिच्या शेजारी आणखी एक पिवळी रेघ दिसली, ती पृथ्वीवरच्या कशाशीच जुळेना. म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम. आणि ही रेघ दिसली कुठून? आमच्या विजयदुर्गावरून. 18 ऑगस्ट 1868, खग्रास ग्रहण, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेब. किल्ल्यावर साहेबाचे ओटे अजून आहेत. आम्ही 18 ऑगस्टला हेलियम डे करतो. येवा कधीतरी.

निवृत्त मास्तर, नारायणगाव (दुपारी 1.05)

देवगडकर, रागावू नका. 1868 च्या ग्रहणात फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये. त्यांनी ती पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकडूनच, ग्रहणाशिवाय पाहिली. विजयदुर्गावर ते आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, तीस वर्षांनी. हेलियम पृथ्वीवर सापडून तेव्हा तीन वर्षं झाली होती, 1895 मध्ये रॅम्से यांना युरेनियमच्या एका खनिजात. साहेब आले हे खरं, ओटेही खरे. तारीख तेवढी चिकटली.

देवगडकर (दुपारी 1.20)

मास्तर, 18 ऑगस्टला पावसात किल्ल्यावर पोरांची गर्दी होते आणि वर्णपटावर भाषणं होतात. तारीख चिकटलीय ती चिकटू दे.

निवृत्त मास्तर, नारायणगाव (दुपारी 1.50)

कबूल. एवढं चांगलं निमित्त मोडायला मी येणार नाही.

मूसवाले, 2017 च्या धडकेचा उजेड असाच फोडून पाहिला. पहिले एक-दोन दिवस निळसर, मग आठवड्याभरात लाल पडत गेला. जड धातूंच्या ढगातून निळा उजेड बाहेर येत नाही, लाल येतो. 2019 मध्ये त्याच नोंदींतून स्ट्रॉन्शियमची खूण वेगळी काढली. फटाक्यातला लाल रंग देतो तोच स्ट्रॉन्शियम. सोन्याची स्वतःची रेघ तिथं सुटी दिसलेली नाही, तो ढग भलताच वेगानं पसरत असतो आणि रेघा एकमेकींत फासल्या जातात. सोन्याचा आकडा हिशोबानं काढलेला आहे. तुम्ही मोडीच्या वजनावरून चोख किती निघेल ते आधीच सांगता, तसा.

आता जमिनीचं. असल्या धडकांची राख ज्या ढगात मिसळली, त्यातून साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी सूर्य आणि पृथ्वी झाली. पृथ्वी सुरुवातीला वितळलेली होती, म्हणजे मूसच. लोखंड जड, ते तळाला गेलं, आणि सोन्याला लोखंडाची सोबत आवडते, तेही बरोबर गेलं. बहुतेक सगळं सोनं आज आपल्या पायाखाली तीन हजार किलोमीटरवर आहे, कायमचं. वरच्या थरात जे मिळतं त्याचा मोठा भाग नंतर पडलेल्या उल्कांनी आणून टाकला, असं मानतात. मग गरम पाण्यानं ते खडकांच्या फटींतून वाहून आणून साचवलं. तुमच्या कोइमतूरहून फार लांब नाही ते कोलार असंच साचलेलं. तीन किलोमीटरहून खोल गेले होते तिथं, 2001 ला खाण बंद झाली. त्याच खोल बोगद्यांत 1965 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी आणि जपानी-ब्रिटिश सोबत्यांनी वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण पकडले. पण तो वेगळा विषय, मला आवरा.

माणसानं आजपर्यंत खणलेलं सगळं सोनं दोन लाख टनांच्या थोडं वर. एका जागी रचलं तर प्रत्येक बाजू बावीस-तेवीस मीटरची पेटी होईल. सात मजली इमारत, बस.

पाऱ्याचं विसरलो नाही. लेकीला सरळ "नाही" म्हणू नका, खोटं ठरेल. 1941 मध्ये हार्वर्डच्या लोकांनी पाऱ्यावर वेगवान न्यूट्रॉन मारून सोनं केलं होतं. पण ते किरणोत्सारी, काही दिवसांत परत पारा. आणि अलीकडं सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या यंत्रात शिशाचे गाभे एकमेकांच्या अगदी जवळून जाताना तीन प्रोटॉन गमावतात, 82 चे 79 होतात. 2015 ते 2018 या काळात असे 86 अब्ज सोन्याचे गाभे झाले. वजन किती? 29 पिकोग्रॅम. तुमच्या काट्यावर एक मिलिग्रॅम दिसायला असं तीन कोटी चाळीस लाख वेळा करावं लागेल. शिवाय ते गाभे जन्मल्याबरोबर नळीच्या भिंतीवर आपटून फुटले. घट शंभर टक्के.

कॅथोडताई (दुपारी 3.30)

मास्तर भारी. मी भोसरीत सोन्याच्या प्लेटिंगचं काम बघते, कनेक्टरच्या पिना. मूसवालेदादा, तुमचा माल अंगावर मिरवतात, आमचा कुणाला दिसतही नाही. मोबाईलच्या आत, गाडीच्या वायरिंगच्या टोकाला, हवेनं गंज चढू नये म्हणून मायक्रॉनमध्ये मोजायचा थर. नुसतं सोनं मऊ पडतं, पीन वारंवार आत-बाहेर केली की झिजतं, म्हणून त्यात किंचित कोबाल्ट घालतो. जेम्स वेब दुर्बिणीचा साडेसहा मीटरचा आरसा तर अख्खा सोन्यानं माखलाय, आणि सोनं लागलं 48 ग्रॅम. आमच्या सासूबाईंच्या पाटल्या त्याहून जड आहेत. इथं सोनं दागिन्यासाठी नाही, अवरक्त उजेड उत्तम परतवतं म्हणून. मास्तर, त्या आरशाखालचा पत्रा बेरिलियमचा आहे. तोही तुमच्या सवागीच्याच जातीचा ना, तुकडे पडून झालेला?

आणि दादा, तुम्हाला एक विचारायचं होतं. तुमच्याकडं जुना केडीएमचा माल येतो का अजून?

निवृत्त मास्तर, नारायणगाव (दुपारी 3.41)

हो, तोही केरच. ताई, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तारे बघायचा आरसा ज्या धातूचा, तो ताऱ्यांना बनवता येत नाही!

मूसवाला (रात्री 9.55)

ताई, येतो की. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: केडीएम म्हणजे कॅडमियम. गिऱ्हाईक समजतं तो शुद्धतेचा शिक्का आहे. शिक्का नाही, ते डाग द्यायचं, म्हणजे सांधायचं धातूचं नाव. पूर्वी डागाला तांबं-चांदी जास्त असायची, त्यानं दागिन्याचा टंच खाली यायचा. कॅडमियम आलं आणि सांधा पातळ, टंच चांगला, सगळे खूष. फक्त ते कशानं सांधलं जातंय हे फुंकणीवरच्या माणसाला कुणी सांगितलं नाही.

कॅथोडताई (रात्री 10.02)

कॅडमियम 321 अंशांना वितळतं आणि 767 ला उकळतं. सोनं वितळतं 1064 ला. म्हणजे तुमचं सोनं पाणी व्हायच्या आत कॅडमियम हवेत गेलेलं असतं. फुप्फुस आणि किडनी दोन्ही धरतं. आमच्याकडं कॅडमियमच्या टाकीजवळ मास्कशिवाय कुणाला फिरकू देत नाही.

मूसवाला (रात्री 10.30)

आकडे आज कळले, धूर आधीपासून ओळखीचा. जस्ताचा धूर पांढरा, याचा तपकिरी-पिवळट. माझे चुलते ज्या दुकानात कामाला होते तिथं ना पंखा ना धुराडं, खिडकीला पत्रा मारलेला, का तर सोनं उडू नये. केडीएमचा माल जास्त गाळला की रात्री त्यांना हुडहुडी भरायची, दोन गोधड्या घालायचो. सकाळी परत कामावर. आम्हाला वाटायचं इथलं पाणी बाधलं. पुढं दम लागायला लागला, पन्नाशीत गावाकडं परत गेले. डॉक्टरनं विचारलं विडी ओढता का, ते म्हणाले आयुष्यात कधी नाही. आता माझ्याकडं धुराडं आहे, वर ओढणारा पंखा आहे, पोरांना मास्क आहे. त्यांना ते लावायला रोज ओरडावं लागतं ते वेगळं.

आणि आता नवीन पाहुणा म्हणजे इरिडियम. पावडर म्हणतात बाजारात. सोन्यात विरघळत नाही, तळाला वाळूसारखं बसतं. वजन सोन्यासारखंच, त्यामुळे काटा फसतो. दीड वर्षापूर्वी एका लगडीत मला निघालं. टंच मशीननं वरवर 91 दाखवलं, मी पैसे मोजले, गाळलं तर तळाला करडी रेती. बावीस हजाराला बसलो. मशीन वरचा पापुद्राच बघतं, हे तेव्हा कळलं. मास्तर, ते मशीन पण रेघाच वाचतं का?

निवृत्त मास्तर, नारायणगाव (सकाळी 6.05)

अगदी. ते क्ष-किरण मारतं आणि प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या क्ष-किरणानं उत्तर देतो. 1913 मध्ये मोझली नावाच्या पंचविशीतल्या पोरानं याच किरणांवरून दाखवलं की मूलद्रव्यांचा नंबर हा नुसता रांगेतला नंबर नाही, गाभ्यातल्या भाराचं माप आहे. तुमच्या लेकीनं सांगितलेला 79 त्याच्यामुळे पक्का झाला. दोन वर्षांनी गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून गेला. सत्तावीस वर्षांचा.

मशीन वरचंच बघतं, कारण सोनं स्वतःच ते किरण गिळतं. आतला माल गाळल्याशिवाय कळत नाही. तुमचा धंदा बुडणार नाही.

मूसवाला (रात्री 10.15)

काल रविवार. पोरीला दुकानात बसवून सगळं वाचून दाखवलं. बाकड्यावरची एकेक वस्तू उचलून दाखवली, मूस, सवागी, शिशाची गोळी, भंगार. तपकिरी चोथा तिच्या हातावर ठेवला, मग तिच्यासमोर गाळला. पिवळा होताना बघून गप्प बसली. इतकी गप्प मी तिला बघितलेली नाही.

मग म्हणाली, "पप्पा, पारा 80, एक कमी करायचा तर अवघड. पण प्लॅटिनम 78 आहे. त्यात एक घातला तर?"

मास्तर, आता याचं काय सांगू?

निवृत्त मास्तर, नारायणगाव (सकाळी 6.20)

अहो, होतं! खरंच होतं. प्लॅटिनमची एक जात आहे, 196 वजनाची. तिला अणुभट्टीत एक न्यूट्रॉन दिला की 197 होते, ती साधारण वीस तासांत निम्मी सोनं होते, पुढच्या वीस तासांत उरलेल्यातली निम्मी. आणि हे सोनं टिकाऊ, तुमच्या मुशीतलंच, परत बदलत नाही. पूर्वी प्लॅटिनम सोन्याहून महाग होतं, त्यामुळे हे कुणी हसण्यावारीही नेलं नसतं. हल्ली भाव उलटे झालेत. तरी न्यूट्रॉनचा खर्च सोन्याच्या भावात कधी बसायचा नाही. पेढा एक नाही, किलो पाठवतो. पत्ता व्यक्तिगत निरोपातून द्या.

मूसवाला (सकाळी 8.50)

सांगितलं. विचारतेय, अणुभट्टी केवढ्याला येते.